अज्जाच्या फोटोचा काळा रंग

तिसऱ्या शाईतला फोटो सकाळी ओसरीवर नेला, तर तो हिरवट. रडायचंच काय ते राहिलं होतं.

अज्जाला, म्हणजे माझ्या आजोबांना, पुढे भिंतीवर लागणारा आपला फोटो जिवंतपणीच बघून घ्यायचा होता. त्यांच्या धाकट्या भावाचा रंगीत फोटो जोयड्याहून करून आणलेला. दोन-तीन पावसाळ्यांत तो जांभळट झाला. "मेल्यावर कुणी दारू पाजली की काय त्याला," अज्जा म्हणायचे. "माझा काळा-पांढरा कर. रंगच न्हाई तर उडंल काय?"

उडतो. माझा प्रिंटर करडा रंगही रंगीत शाया मिसळूनच करतो. नुसती काळी वापरली, तर ती चकचकीत कागदात मुरलीच नाही. अज्जाची मिशी माझ्या बोटाला लागली. मग स्वस्तातल्या शाया भरल्या. चेहरा जांभळट. पुन्हा टाक्या रिकाम्या करा, धुवा. शेवटी बेळगावहून चांगल्या मागवल्या. आदल्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली त्यांचा काळा अगदी काळा वाटला होता.

फोटो धरलेला माझा हातही हिरवट दिसतोय, हे जरा उशिराच लक्षात आलं. आमच्या ओसरीवर उजेड येतो तो फणसाच्या पानांतून. उघड्या रस्त्यावर जाऊन पाहिलं. फोटो बरोबर होता. एकदाचा.

अज्जा तो घेऊन आत गेले आणि भावाच्या फोटोशेजारी धरला.

"ह्यो कोण पावना?"

"तुम्हीच, अज्जा."

"मी व्हय? माझ्या भावाजवळ परका दिसतोय." टेबलावरच्या टाकाऊ प्रिंटांतून त्यांनी जांभळट फोटो ओढला. "ह्यो लाव. आता कसं, एका घरातले वाटतो."

"तो बिघडलाय."

"त्योबी बिघडलेलाच हाय की."

या फोटोचा रंग भावाच्या फोटोच्या बरोबरीने नाही, स्वतःच्याच गतीने उडत जाणार, म्हणजे पुढे दोघे पुन्हा वेगळे दिसणार, हे मला सांगायचं होतं. पण ते सगळं वाचलेलं, डोक्यात इंग्रजीतच होतं. तोंडातून एवढंच आलं, "टिकणार नाही तो."

"मग दुसरा काढ. तू हायस न्हवं?"

मी जांभळट फोटो फ्रेममध्ये घातला. चांगला कपाटात ठेवलाय. बेळगावच्या बाटल्या अजून जवळजवळ भरलेल्या आहेत.