न भरलेल्या फॉर्मचं गाऱ्हाणं

लोक शिकायला परदेशी जातात, तसा मी रत्नागिरीला गेलो. हसू नका. जन्म नैरोबीचा, पासपोर्ट केनियाचा. आल्या आल्या पोलीस कचेरीत परदेशी नागरिक म्हणून नाव नोंदवावं लागलं होतं. वडिलांच्या लेखी मात्र रत्नागिरी म्हणजे आपला 'देश'. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मला बी.एस्सी. करायला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे धाडलं. 'पोराला पदवीधर करूनच परत पाठवते,' असं तिनं पत्रातून कळवलं होतं. स्वतः ती चौथी शिकलेली.

गाव शहरापासून एसटीनं तासाभरावर. आतोबा मुंबईला नोकरीत, मूलबाळ नाही, त्यामुळे घर, गोठा आणि शेती सगळं आत्याच बघायची. पहिले काही आठवडे मी नेमानं कॉलेजात गेलो. मग लावणी आली. आत्या गुडघाभर चिखलात वाकलेली आणि मी छत्री उघडून बसची वाट बघतोय, हे काही बरं दिसेना. "आज सुट्टी आहे," असं सांगून मी पँट दुमडली. बरं दिसेना ही अर्थात सबब. खरं म्हणजे मला तो चिखलच आवडला होता.

नैरोबीत आम्ही शेताला तिकडच्या भाषेत 'शांबा' म्हणायचो. माझ्या तोंडून एकदा तो शब्द गेला आणि आत्यानं तो उचलला. सकाळी भाकऱ्या बांधून झाल्या की तिची हाक यायची, "चल रं, शांब्यात!" थोड्याच दिवसांत शेजारपाजारचेही शांबा म्हणू लागले.

माझ्या सुट्या वाढत गेल्या. एकदा तिनं विचारलंही, "येवड्या सुट्या कश्या रं?"

"कॉलेज आहे ते, आत्या."

"खरंच की. मोठ्या शाळेला मोठ्या सुट्या," असं म्हणून तिनं माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली. ती भाकरी घशाखाली उतरताना मला लाज वाटायला हवी होती. तेव्हा नाही वाटली.

भात कापायला शिकलो, झोडायला शिकलो. कुळथाच्या शेंगा तडकायच्या आत कधी काढायच्या ते कळू लागलं. रुसलेल्या बैलाला पाठीवर हात फिरवून उठवायला शिकलो. इतका सुखात मी त्याआधी कधी नव्हतो. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा मी खळ्यात कुळीथ झोडत होतो. तारीख मला चांगली ठाऊक होती. गेलो तर हजेरीचं विचारतील, म्हणून गेलो नाही, इतकंच.

मग शिमगा आला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. घरच्यांच्या वतीनं गावचा वडीलधारा मानकरी देवापुढे मोठ्यानं मागणं मागतो, ते गाऱ्हाणं. त्याच्या प्रत्येक वाक्याला अंगणातले सगळे पुरुष 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बायका ओटीवर हात जोडून गप्प उभ्या असतात. त्या वर्षी आतोबांना रजा नव्हती, म्हणून नारळ माझ्या हातात दिला गेला. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी सुरुवात केली.

"बा म्हाराजा, ह्यो तुजा पोर साता समिंद्राच्या पल्याडनं शिकायला आलाय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याला परिक्षेत येस दे! त्याच्या आत्येनं भावाला दिलेला शबुद खरा कर!"

"व्हय म्हाराजा!"

ज्या परीक्षेचा फॉर्मच भरला नव्हता, तिच्यात पास कर म्हणून अख्खी वाडी देवाला साकडं घालत होती. मी ओटीकडे बघितलं. आत्याचे डोळे मिटलेले होते.

"तुजं तोंड का बंद रं?" मानकऱ्यांनी विचारलं. "व्हय म्हन की."

"मी फॉर्मच भरला नाही," मी म्हणालो. "कॉलेजला सुट्याही नव्हत्या."

मानकरी बिचारे पेचात पडले. देवापुढे घातलेला शब्द मागे घेता येत नाही, आणि गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही. त्यांनी डोकं खाजवलं, पालखीकडे पाहिलं आणि पुन्हा आवाज लावला.

"बा म्हाराजा, पोर चुकला. पन तुज्याफुडं खोटं बोल्ला नाय. ह्या साली मागितलेलं येस फुडल्या सालाला दे!"

"व्हय म्हाराजा!"

पालखी पुढच्या घरी गेली. आत्या ओटीवर बसून राहिली. ती रडली नाही की ओरडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. मग म्हणाली, "सुट्या नाय ते मला कवाच कळलंवतं. वाडीतली दुसरी पोरं रोज यष्टीनं जात व्हती की. पन तू घरात असलास की बरं वाटायचं. म्हनून इचारलं नाय."

तिनं मला तिथंच वडिलांना पत्र लिहायला बसवलं. मी सगळं कबूल केलं. खाली तिनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: दादा, पोराला रागवू नको, अर्धी चूक माझी आहे.

जूनमध्ये तिनं मला शहरात खोली बघून दिली. लावणीला येऊ का, असं विचारलं तर म्हणाली, "शांबा जाग्यावर हाय, पळून जात नाय. तू जा." मला निरोप द्यायला ती बसपर्यंत आली नाही. तिला चिखल सोडवत नव्हता, असं तिनं नंतर सांगितलं. माझा त्यावर आजही विश्वास नाही.

पुढच्या शिमग्याला मी घरी गेलो. आतोबांना याही वर्षी रजा नव्हती. नारळ पुन्हा माझ्याच हातात. मानकरी माझ्या परीक्षेपाशी आले आणि थबकले. माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "भरलास ना रं?"

"भरला."

"बा म्हाराजा, ह्या साली पोरानं फॉर्म भरलान हाय!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात बायकांनी आवाज द्यायची आमच्याकडे रीत नाही. त्या दिवशी सगळ्यात मोठा 'व्हय' ओटीवरून आला.