ताम्हणातली काडतुसं

आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. दादाची मांडी रानडुकरानं फाडली ती माझ्यामुळं, अशी ती गोष्ट. नाही नाही म्हणून माझं तोंड दुखलं. आता एकदा लिहूनच टाकते.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. मलकापूरच्या पुढं आमची भातशेती होती आणि भात पोटरीला आलं की डुकरं ते लोळवून जात. म्हणून दादानं रायफलीचा परवाना काढला. पण रायफल कुठली घ्यायची यावरून त्याचं आणि आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, रोज वाजू लागलं. दादाला आखूड बोल्टची हवी होती. एक गोळी झाली की बोल्ट मागं ओढायचा, म्हणजे वापरलेलं काडतूस बाहेर पडतं. पुढं ढकलला की नवं आत जातं. काडतूस जेवढं लांब तेवढा बोल्ट जास्त मागं ओढावा लागतो. आमच्या घरात सगळेच बुटके, हात आखूड, आणि डुक्कर झुडपातून निघतं ते अंगावरच येतं. दादाचं म्हणणं सरळ होतं. पण आबा वकील होते आणि घरात दुसऱ्याचं सरळ म्हणणं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"आखूड काडतुसानं काय ससं मारणार हाईस?" असं म्हणून ते एका इनामदाराची लांबलचक रायफल घेऊन आले. ती बैठकीच्या खोलीत शोभायची, हे मात्र खरं. दादाला बोल्ट पुरता ओढायचा तर बंदूक खांद्यावरून खाली घ्यावी लागायची.

तिच्यासोबत आलेली विकतची काडतुसं वर्षभरात संपली आणि त्या मापाची पुन्हा मिळेनात. मग दादानं सांडशीसारखं एक हत्यार, काडतुसाच्या बुडाशी बसून ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, दारू आणि गोळ्या मिळवल्या. वापरलेली पितळी काडतुसं घरीच भरायची असं ठरलं. दादा जात्याच धांदरट. माझा हात शिवणकामानं बसलेला, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. वाऱ्यानं काटा हलू नये म्हणून माडीच्या खिडक्या लावायच्या, जुनी टोपी काढून नवी बसवायची, सोनाराच्या काट्यावर दारू तोलून आत घालायची आणि वर गोळी दाबायची. कळंब्याच्या माळावर दादानं त्यातली काही उडवून बघितली. एकही वाया गेलं नाही. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

खंडेनवमीला आबांनी शस्त्रं पुजायला मांडली. तलवार, रायफल आणि पुढं ताम्हणात माझी काडतुसं, टोपीची बाजू खाली करून उभी केलेली. त्यांच्यावर पळीपळीनं पाणी, मग पंचामृत, मग पुन्हा पाणी, मग हळदकुंकू.

मी म्हटलं, "आबा, ह्यास्नी पाणी चालत न्हाय."

"गेल्या साली चाललं की."

"ती विकतची व्हती. त्यांच्या टोप्या लाखेनं बंद असत्यात. ही उघडी हायत."

"पूजेत मधी बोलू नगंस."

मांडलेली पूजा हलवायची नसते, त्यामुळं काडतुसं दसऱ्यापर्यंत त्या पाण्यात उभी राहिली. मी दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, दसऱ्याच्या शिकारीला ही नेऊ नकोस, मी दुसरी भरून देते. तो म्हणाला, "आबांनी पुजलेली ठेवून दुसरी नेली तर घरात राडा हुईल." त्यानं ती धोतराला पुसली आणि पिशवीत टाकली.

पुढचं दादानंच सांगितलं. रान उठवायला हाका सुरू झाला, डुक्कर बाहेर आलं, त्यानं घोडा दाबला आणि नुसतं खट्ट झालं. घाईत बोल्ट पुरता मागं आला नाही. तेच फुसकं काडतूस परत नळीत गेलं आणि पुन्हा खट्ट झालं. तेवढ्यात डुक्कर त्याच्यावर आलं. हाकेवाल्यांनी दादाला बैलगाडीतून मलकापुरात आणलं आणि तिथून मोटारीनं कोल्हापूरला. पाय वाचला, पण कायमचा अधू झाला.

दादाला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी आईनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू बाजूला बसायच्या दिवसांत माडीवर गेलतीस का?"

मी गेले नव्हते. पण तसं सांगावं लागतंय याचाच मला संताप आला. गेले असते तरी त्या दारूला काय कळणार होतं? आबा खुर्चीत बसून होते. ताम्हणात पाणी त्यांच्या हातानं पडलं होतं आणि ते आईला एका शब्दानं गप्प करत नव्हते. एरवी कोर्टात तास तास बोलणारा माणूस.

मी उरलेली काडतुसं आणली आणि दादाच्या खाटेशी बसून एकेकाची गोळी उपसली. आतून मोकळी दारू पडली नाही; दमट गुळासारखे खडे पडले. टोप्यांच्या कडेला कुंकवाचा चिखल बसला होता. एक खडा मी दादाच्या हातावर ठेवला. त्यानं तो बोटांनी चुरून बघितला.

"देवाच्या पाण्यानं कधी काय बिघडत न्हाय," आबा म्हणाले आणि उठून गेले.

आबा जाऊन आता पुष्कळ काळ लोटला. दादा लंगडतो, आणि दर दसऱ्याला पोराबाळांना ती शिकार रंगवून सांगतो. "काडतुसं आत्यानं भरलेली," इथं तो थांबतो, "आणि तिचा विटाळ झाला." पोरं माझ्याकडं बघून हसतात. मी तिथंच आपट्याची पानं घेऊन बसलेली असते.

एका दसऱ्याला पोरं उठून गेल्यावर मी त्याला सरळच विचारलं, "दादा, ती ओली दारू तू हातात घेऊन बघितलीस न्हवं?"

"बघितली की."

"मग?"

"मेलेल्या माणसाचं नाव कशाला घालवायचं?" तो म्हणाला.

मी जिवंत होते, म्हणून माझं घालवलेलं चालत होतं.