मुराळ्याशिवाय पंचमी

माझी पत्नी त्रिवेणी चिक्कडपल्लीच्या एका शाळेत गणित शिकवत असे. गणिताच्या शिक्षकांना दोनच उत्तरं ठाऊक असतात, बरोबर आणि चूक. निवृत्त झाल्यावरही तिच्याकडे तिसऱ्या उत्तराची भर पडलेली नाही. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा डॉक्टरांनी तिला सायकल चालवायला सांगितलं. त्यांच्या मनात घरात एका जागी उभी असते ती व्यायामाची सायकल होती. हिने गिअरची खरी सायकल आणली. आधी बरकतपुऱ्याहून तारनाक्यापर्यंत, मग पार शहराबाहेर जाऊ लागली. रविवारच्या सायकलवाल्या मंडळात दोनदा गेली आणि सोडून दिलं. म्हणाली, "पाय कमी चालतात, तोंडंच फार."

तिचं माहेर उदगीरचं. त्या घरात एक रीत होती. नागपंचमीला लेकीला आणायला माहेरचा माणूस यायचा. तो मुराळी. तो आला की तिची पिशवी त्यानेच उचलायची आणि त्याच्याबरोबरच लेकीने निघायचं. आपली आपण गेलेली लेक म्हणजे न बोलावता आलेली, असं मानायचे. तिचे थोरले भाऊ एकनाथराव होते तोवर दरवर्षी आदल्या दिवशी धोतर सावरत आमचा जिना चढत. ते गेले आणि मुराळी यायचा थांबला. भाचा शिवराज फोन करायचा, "या की आत्या, घर तुमचंच आहे." आत्या "बघते" म्हणायची, आणि पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारपासून जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसायची. पिशवी भरलेली असायची. संध्याकाळी ती परत रिकामी करायची. असं पाच पंचम्या चाललं.

या वर्षी श्रावण लागला तशी म्हणाली, "मी उदगीरला चाललेय. सायकलवर."

मी वाणिज्य शाखेचा माणूस. विम्याची मुदत पाहिल्याशिवाय स्कूटरसुद्धा बाहेर काढत नाही. म्हटलं, "बस आहे, रेल्वे आहे. जायचंच तर नीट जा."

"बसने गेले तर न बोलावता आलेली होईन. सायकलवर गेले तर कुणाची बिशाद आहे तसं म्हणायची? उंबऱ्यावर उभी राहीन आणि विचारीन, तुम्हाला जीप घेऊन येता आलं नाही, मला पायांनी येता आलं."

"आणि जमलं नाही तर?"

"तर पुन्हा माहेरचं नाव काढणार नाही. पिशवीसुद्धा भरणार नाही." हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. ती धमकी देत नव्हती. निकाल सांगत होती.

निघताना खालच्या मजल्यावरचे अप्पाराव फाटकाशी उभे होते. "वद्दु मॅडम, वद्दु! मत जाओ, बारिश का सीझन है. अकेले कां जारे?"

"मायके जारी हूं," ती म्हणाली आणि पायडल मारलं. अप्पाराव माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू तिला घराबाहेर मीच काढलं होतं.

पहिला मुक्काम सदाशिवपेटला झाला, दुसरा बिदरला. दोन्ही दिवस उघडीप होती. पंचमीच्या दिवशी पहाटे बिदरमध्ये जो पाऊस सुरू झाला तो थांबेचना. इथे टीव्हीवर त्या भागाचा नकाशा लालभडक झालेला. मी फोन केला.

"आजचा दिवस थांब. उद्या जा."

"उद्या पंचमी आहे का?"

"अगं, पाऊस बघ."

"मी काय मिठाची आहे विरघळायला? ठेवा फोन, भिजतोय."

भालकी ओलांडल्यावर पुन्हा तिचाच फोन आला. पुढच्या ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहतंय, रस्ता बंद आहे, पंक्चरवाल्याच्या पत्र्याखाली थांबलेय, काळजी करू नका. तिच्यामागे पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की निम्मे शब्द मी अंदाजाने भरले. मग फोन लागेना. मी खोलीत येरझारा घातल्या, आणि अखेर शिवराजला फोन लावला. "तुझी आत्या ओढ्यापाशी अडकलीय. जीप घेऊन जा आणि तिला घरी ने." मला वाटलं, दोन्ही कामं झाली. बायको सुखरूप आणि मुराळीही हजर.

पुढचं मला शिवराजने नंतर सांगितलं. सांगताना तो हसत होता. त्या वेळी हसला नसावा.

तो पोचला तोवर पाणी ओसरून पूल मोकळा झाला होता. आत्या पूल ओलांडून अलीकडे आली होती आणि रस्त्याच्या कडेला बसून काडीने चाकातली काळी माती काढत होती. त्या मातीत चाकं फिरेनाशी झाली होती. साडी नाही, पंजाबी ड्रेस, त्यावर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. शिवराजने तिला आधी ओळखलंच नाही.

"आत्या, बसा गाडीत. सायकल मागे टाकतो."

"मी इथे आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"मामांनी. फोन आला होता." मामा म्हणजे मी, आत्याचा नवरा.

तिने काडी खाली ठेवली. "म्हणजे सासरच्या माणसाने बोलावलं म्हणून माहेरचा मुराळी आला. वा रे मुराळी!"

"असं काय करता आत्या, पाऊस तर बघा!"

"पाऊस मी पहाटेपासून बघतेय. तू आत्ता बघतोयस."

त्याने तिची पिशवी उचलायला हात पुढे केला. तिने ती कॅरिअरवरून हलू दिली नाही. "पिशवीला हात लावू नकोस. ती मुराळ्याने उचलायची असते."

ती निघाली. शिवराज बिचारा दिवे लुकलुकवत तिच्यामागे जीप रांगवत राहिला. कमलनगरच्या अलीकडे ती थांबली, वळली आणि भर पावसात ओरडली, "वरातीसारखा मागे काय येतोस? पुढे जा! आईला सांग, आत्या येतेय."

पोरगा पुढे गेला.

तिथून उदगीरपर्यंत काय झालं ते फक्त तिला माहीत आहे. मी विचारलं तर म्हणते, "चढ होता, वारा समोरून होता, मी होते." एका चढावर उतरून सायकल ढकलावी लागली, एवढं मात्र कबूल करते. आणि तिथे आपण रडलो नाही हेही, मी न विचारता, सांगते.

दिवेलागणीला ती दारात पोचली. गल्लीतल्या लिंबाला बांधलेला झोका भिजून जड झाला होता, तरी पोरी त्यावरून उतरल्या नव्हत्या. तिच्या भावजय पद्मावतीबाई पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उंबऱ्यावर उभ्या होत्या. आलेल्या मुराळ्याच्या आणि लेकीच्या पायांवर पाणी घालायचं, तुकडा ओवाळून टाकायचा, मग आत घ्यायचं, अशी तिथली पद्धत.

"वन्सं, काय हे! मी दरवर्षी शिवराजला म्हणत होते, जा, आत्याला घेऊन ये."

"म्हणत होतात वहिनी. पाठवलं नाहीत."

शिवराज मागे खांबाला टेकून उभा होता. रस्त्यावरच्या दोन-चार बायका थांबून बघत होत्या. त्रिवेणी हँडल धरून उभीच राहिली. रेनकोटमधून पाणी गळत होतं. आत या, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं आणि ते म्हटल्याशिवाय ती आत जाणार नव्हती.

मग पद्मावतीबाई पायरी उतरून पावसात आल्या. त्यांनी आधी सायकलच्या पुढच्या चाकावर पाणी घातलं, मग मागच्या. त्यानंतर नणंदेच्या पायांवर. भाकरीचा तुकडा दोघींवरून, म्हणजे नणंदेवरून आणि सायकलवरून, ओवाळून टाकला. म्हणाल्या, "चला, आत या. मुराळ्यालाही आत घ्या, भिजतोय."

त्या रात्री मला तिचा फोन आला. ती पोचल्याबद्दल मी अभिनंदन करू लागलो, तर पलीकडून एकच वाक्य. "मी परत येताना तुम्ही कुणाला फोन करायचा नाही."

चार दिवस राहून ती निघाली, तेव्हा शिवराजने जीप धुऊन दारात उभी केली होती. "आत्या, निदान पोचवायला तरी येतो."

"पोचवायला नको," ती हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "पुढच्या पंचमीला न्यायला ये. बरकतपुऱ्याला. सायकलवर."

दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन आला. आवाजात काळजी होती. "मामा, आत्या चेष्टा करत होत्या ना?"

मी म्हटलं, "बाबा रे, इतकी वर्षं मी तिच्याबरोबर आहे. तू आजपासूनच सराव सुरू कर."