शेवटच्या पानावरची पेज

आमच्या घरात पुस्तकं कपाटात आणि ब्लँकेटं पलंगाखाली. आमचे हे, अबाजी, इथे इस्राएलमध्ये डिमोनाच्या कापड गिरणीतून रिटायर झाले आणि नाद दुप्पट वाढला. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतली, सोनेरी कडांची, चित्रं असलेली इंग्रजी बोधकथांची पुस्तकं जमवायची. खोटं बोलणारा मुलगा नदीत बुडतो, काड्यांशी खेळणारी मुलगी जळते, खाली चार ओळी उपदेश. बरं, ह्यांचं शिक्षण अलिबागकडच्या गावात मराठी चौथी. चित्रं ह्यांनी बघायची आणि मेलेली पोरं मी वाचायची. मुंबईची मॅट्रिक बायको केली ती यासाठीच, असं मला आता वाटतं.

आमच्या ज्यूंच्या पेसाख सणाआधी घरात पावाचा कण उरता कामा नये, म्हणून दरवर्षी एकेक पुस्तक बाल्कनीत झटकते तीही मीच.

ही पुस्तकं मिळतात कुठे, तर सिनेगॉगच्या गेनिझात, म्हणजे जुन्या पोथ्यांच्या कोठीत. देवाचं नाव असलेलं जीर्ण पुस्तक आमच्यात फेकत नाहीत. पोत्यात साठवतात आणि कबरस्तानात पुरतात. आमची कोकणातली माणसं इतकी भित्री, की इंग्रजीत ‘गॉड’ दिसला तरी पुस्तक पोत्यात. त्यामुळे पाद्र्यांनी शाळेत बक्षीस दिलेल्या गोष्टी थेट आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकांशेजारी जाऊन पडतात. हे तिथे पोतं उपसत बसतात. सिनेगॉग सांभाळणारा मेईर मला हिब्रूत सांगून थकला, की नवऱ्याला आवर.

या सगळ्याचं मूळ माझी सासू. मुंबईच्या मिशन शाळेत तिला असंच एक पुस्तक मिळालं होतं. ती ते मुलांना मराठीत सांगायची. बरणी फोडून खोटं बोललेली मुलगी भिऊन बर्फात पळते; बाप कंदील घेऊन शोधतो, घरी आणतो, गरम पेज पाजतो. थोरले सॅम्युअल भाऊजी मुंबईत इंग्रजी शिकून आले आणि म्हणाले, आई थापा मारते, मुलगी मरते. ह्यांनी त्यांना दगड हाणला. त्याच वर्षी सासू वारली आणि पुस्तक वाळवीने खाल्लं. तेव्हापासून ह्यांना एवढंच हवंय, की आई खोटं बोलली नाही हे सिद्ध व्हावं. साठ वर्षं! आणि भाऊजी हैफाहून फोनवर अजून चिडवतात.

सत्त्याण्णव साली, पेसाखला आठवडा असताना, मी कपाट रिकामं करत होते आणि हे धापा टाकत आले. हातात पुस्तक. मुखपृष्ठावर बर्फ, कंदील, बाप.

“शेवटचं पान वाच,” म्हणाले. मला राग आला होता, अर्धं घर पसरलेलं होतं, तरी वाचलं. बापाला मुलगी सापडते तेव्हा ती थंड पडलेली असते. खाली उपदेश. चित्रात बापाच्या हातांवर ती, डोळे मिटलेले.

“झोपलीय का ती?” ह्यांनी विचारलं.

“दमलीय. बाप घरी नेतो. गरम पेज पाजतो.”

हे खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग उठून त्यांनी हैफाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला, तूच सांग म्हणून. मी पुन्हा तेच सांगितलं.

भाऊजी म्हणाले, “सॅली, ते पान मी स्वतः वाचलंय.”

“मग तुम्हीच सांगा त्यांना,” म्हणत मी फोन परत दिला. आता हा माणूस कोसळणार म्हणून मी खुर्ची जवळ ओढून ठेवली.

ह्यांनी ऐकलं, मान हलवली, फोन ठेवला.

“सॅम्युअल म्हणाला, त्याचंच चुकलं होतं. पेजच होती.”

खोटं बोलू नये असं सांगणाऱ्या पुस्तकापायी दोन म्हाताऱ्या माणसांना खोटं बोलावं लागलं. आणि एवढ्यावर भागलं नाही. पसारा तसाच टाकून मला तांदूळ धुवावे लागले, कारण ह्यांना पेज हवी होती.