शेजाऱ्याचा परवाना

शेजारचे भाऊजी सकाळी पेढे घेऊन आले. "वहिनी, बंदुकीचा परवाना मिळाला! पंधरा दिवसांत!"

गेल्या आठवड्यात चौकशीला आलेल्या हवालदारांनी मला दारातच विचारलं होतं, "शेजारी माणूस कसा आहे?" आपण सगळे सांगतो तेच मी सांगितलं, "चांगला आहे." भिंतीपलीकडची आदळआपट, मग त्यांच्या बायकोचं एकदम गप्प होणं, यातलं काही बोलले नाही. म्हटलं, सरकारी काम अन् सहा महिने थांब. तोवर कुणीतरी नीट विचारेलच. ज्या दिरंगाईला जन्मभर शिव्या दिल्या, तिच्याच भरवशावर मी खरं बोलायचं टाळलं होतं.

पेढा ओट्यावर तसाच पडलाय. पलीकडे आज काहीच आदळत नाहीये. मी भिंतीला कान लावून उभी आहे.