पत्राचं दुसरं पान

ते पत्र दोन पानांचं होतं. मी चाचांना एकच पान वाचून दाखवलं. दुसरं घडी घालून खिशात टाकलं आणि म्हणालो, "एवढंच हाय." हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझे वडील, अप्पा, शेवटचे आजारी होते तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं. बायकोला तर असं काही पत्र होतं हेच ठाऊक नाही.

कबनूरला आमचे आठ माग होते. नव्वदच्या आसपास उत्तर प्रदेशातून एक विणकर कुटुंब आलं आणि शेडमागच्या दोन खोल्यांत राहू लागलं. नवरा-बायको, माझ्याच वयाचा मुलगा आणि लहान मुलगी. नवरा-बायकोला सगळी गल्ली चाचा-चाची म्हणायची. चाचा वहिफणी करायचे. सुताचं नवीन बीम मागावर चढवण्याआधी त्यातला एकेक धागा फणीतून ओवून घ्यायचा, असे हजारो धागे. हे एकट्याचं काम नव्हे. एकजण मागं बसून धागा हातात देतो, दुसरा पुढून आकड्यानं ओढून घेतो. शाळा सुटली की मुलगा बापासमोर बसायचा. तो सातवीपर्यंत माझ्याबरोबर मराठी शाळेत शिकला. चाचांना अक्षर येत नव्हतं.

आम्ही लिंगायत. माझी आई, अव्वा, लिंगपूजा केल्याशिवाय चहा घेत नसे, आणि मोहरमला आमच्याच सोप्यात पीर बसायचा. पहिल्या वर्षी चाचांना त्याचं इतकं अप्रूप वाटलं की दहा दिवस ते सोप्यातून हलले नाहीत. पुढं मिरवणुकीत पिराचा पंजा धरायचा मान अप्पांनी त्यांनाच दिला. तीन-चार वर्षांत त्यांची हिंदीही निम्मी कोल्हापुरी झाली होती.

चाचांची मुलगी नऊ वर्षांची असताना तिचे डोळे पिवळे झाले. चाचा डॉक्टरकडं नेऊ म्हणाले, तर अव्वा म्हणाली, "डॉक्टर काय सुया टोचतोय. माळ घाला, उतरते कावीळ." माळ देणाऱ्या बाईकडं अव्वाच त्यांना घेऊन गेली. औषधी मुळ्यांची ती माळ डोक्यावर ठेवायची. ती सैल होत होत गळ्यात, मग खाली उतरते, तसा आजार उतरतो, असं आमच्याकडं मानतात. वर पिराचा अंगाराही लावला. मुलगा रोज म्हणायचा, दवाखान्यात नेऊ या. "थांब की जरा, गळ्यापर्यंत आलीय माळ," अव्वा म्हणायची. पोरगी बरळायला लागली तेव्हा कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता. त्या माळेबद्दल आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

मुलगा मात्र ते विसरला नाही. इचलकरंजीत एका खोलीत काहीजण जमायचे, बाहेरून आलेला एक मौलवी त्यांना शिकवायचा. पीर, अंगारा, ताईत सगळं पाप, आणि पाप करणाऱ्या घरात मरण येतंच. तुझी बहीण कशानं गेली, हे त्याला सांगणारा तो पहिलाच माणूस असावा. आम्ही तर गप्पच होतो. आधी बरंच वाटलं, कारण त्याचा गुटखा सुटला. मग चाचीचं दर्ग्याला जाणं बंद झालं. शेडमध्ये रेडिओ लागतो म्हणून त्याचं बापासमोर बसणं बंद झालं. एके दिवशी त्यानं भिंतीवरचा बहिणीचा फोटो चुलीत घातला. उरसात काढलेला तेवढा एकच फोटो होता तिचा.

"घरात तसबीर असली की फरिश्ते येत न्हाईत," तो म्हणाला.

"तुझे फरिश्ते ऱ्हाऊ देत तिकडं," चाची म्हणाली. "माझी पोरगी दे."

त्यानंतर ती त्याला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही.

मीही त्या दिवसांत धड नव्हतो. आमच्या तालमीमागच्या खोलीतही एकजण यायचा, भाषणांच्या कॅसेट लावायचा, कुठल्या मुसलमानांवर नजर ठेवायची ते सांगायचा. तिथनं उठून मी चाचांकडं चहा प्यायला जायचो. त्यात काही वावगं आहे असं मला वाटायचं नाही. चाचा 'आपले' होते ना.

त्या वर्षी मोहरमला पंजे उठले. चाचा पुढं होते. मुलगा गर्दीतून घुसला आणि बापाच्या हातातला पंजा ओढू लागला. ओढाताणीत पंजा खाली पडला. मग आमच्या तालमीमागच्या खोलीतली पोरं त्याच्यावर तुटून पडली. त्यांना पिराशी काही देणंघेणं नव्हतं, ती निमित्ताचीच वाट बघत होती. मी मारलं नाही. मी त्याचे हात मागून धरले. कुणी धरलंय ते त्यानं मान वळवून बघितलं.

"तू व्हय," एवढंच म्हणाला.

"सोडा की रं, माझं हाय ते पोर," म्हणत चाचा मध्ये पडले, तर त्यांच्याही पाठीत लाथा बसल्या. दिवस मावळायच्या आत मुलगा गाव सोडून गेला.

मग चाची नवऱ्यासमोर बसू लागली. तिला धागा दिसत नसे. एकाच्या जागी दोन द्यायची.

"एक दे गं, एक."

"दोन आले म्हणून काय झालं? जाऊ देत जोडीनं."

"मग मालक आपल्याला पण जोडीनंच हाकलत्यात."

दोघं हसायची. मी तिथं असलो तर मलाही हसावं लागायचं.

अडीच वर्षांनी शेडच्या पत्त्यावर ते पत्र आलं. चाचांची पत्रं अप्पा वाचायचे. त्या दिवशी अप्पा सुताला खळ लावून आणायला सायझिंगला गेले होते. चाचा हात पुसत आले. "वाचा की, धाकलं मालक." चाची दाराशी उभी राहिली. मी आधी उजेडाच्या निमित्तानं त्यांच्याकडं पाठ करून डोळ्यांनी भराभर दोन्ही पानं चाळली. त्यात माझं नाव कुठं आहे ते शोधत होतो. नव्हतं.

पहिलं पान मी मोठ्यानं वाचलं. तब्येत बरी आहे, बेकरीत काम करतो, अम्मीचे गुडघे कसे आहेत, अब्बांच्या समोर आता कोण बसतं. गावाचं नाव त्या पानावर नव्हतं.

"येतो म्हणून काय लिवलंय?" चाचांनी विचारलं.

"न्हाय."

"फोटोचं काय?" चाची म्हणाली.

"एवढंच हाय."

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, मिरजेत आहे. त्या लोकांकडं जाणं सोडलं. बहिणीचा फोटो जाळला, ते मला झोपू देत नाही. बकरी ईदच्या आदल्या दिवशी दुपारपासून इचलकरंजीच्या स्टँडवर थांबतो. अब्बा न्यायला आले तर घरी येईन. नाही आले तर माफी नाही असं समजेन, पुन्हा त्रास देणार नाही.

मी असं का केलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. गल्लीतली पोरं त्याला पुन्हा मारतील, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो परत आला असता तर मला रोज त्याच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं.

आणि ईदच्या आदल्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो. रसाच्या गाड्यामागं उभा होतो. तो मिरजेच्या फलाटाजवळ बाकावर बसला होता, मांडीवर पिशवी, त्यात मिठाईचा पुडा असावा. कबनूरच्या बाजूनं कुणी म्हातारा आला की उठून उभा राहायचा. चार तास मी बघत होतो. मध्ये फक्त वीस पावलांचं अंतर होतं. दिवेलागणीला मिरजेची गाडी लागली आणि तो चढला. घरी आलो तर चाची उद्याच्या ईदसाठी खोबरं किसत होती.

चाचा दोन हजार तीनमध्ये गेले. मातीला मुलगा नव्हता, त्याला कळवायचं कुठं हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर मी मिरजेत बेकऱ्यांमधून विचारत फिरलो. एकानं सांगितलं, होता असा एकजण, पाचेक वर्षांपूर्वी सोडून गेला.

चाची अजून त्याच खोलीत आहे. माग विकले, पण त्या दोन खोल्या मी ठेवल्या. कधी गेलो की पत्र्याच्या पेटीतलं ते एक पान काढून माझ्यापुढं करते. आता मला ते पाठच आहे. वाचून झालं की ती म्हणते, "नुसतं चौकशीचं पत्र. माफी मागितली असती तर त्याचं काय गेलं असतं?" मी पान तिच्या हातात परत देतो.

त्यानं माफी मागितली होती आणि तो यायला तयार होता, हे मला तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.