दोन्ही हात गुंतल्यावर

जुन्या जॉयस्टिकचा एक फायदा होता, तो ती काढून ठेवल्यावर कळला. ती एका हाताने चालायची. उजवा हात यानावर, डावा कीबोर्डवर. आमच्या ऑनलाइन अंतराळ-गेमच्या ग्रुपमधले सगळे खेळताना हेडफोनवर बोलायचे. मी टाइप करायचे. शाळा इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे तेही इंग्रजीत, दोन-तीन शब्द. मी मुलगी आहे हे कुणाला माहीत नव्हतं. मला 'भाऊ' म्हणायचे. चालायचं मला. आधीच्या एका ग्रुपमध्ये माझा आवाज ऐकल्यापासून कुणी मला धड यान चालवू दिलं नव्हतं. जो तो शिकवायला पुढे. तो ग्रुप मी न सांगताच सोडला.

त्या शनिवारी दुपारी अमेरिकेतल्या चँडलरच्या वाळवंटी उन्हापासून वाचायला पडदे ओढून मी नवा सेट टेबलाला घट्ट बसवला. उजवीकडे जॉयस्टिक, डावीकडे थ्रॉटल, म्हणजे वेगाचा वेगळा, जड दांडा. आम्ही सगळ्यांनी मिळून कित्येक शनिवार खणलेलं खनिज माझ्या मालवाहू यानात होतं. ते स्टेशनात उतरवायचं होतं. यान फुटलं, तर सगळ्यांची मेहनत गेली.

मागे राखणीला आपल्या यानात नोव्हाय शहरातले काका होते, मूळ नागपूरचे. बाजूच्या यानात पार्सिपनी शहरातला एक आयटीवाला.

"भाऊ, हळू बे! दार अरुंद आहे," काका ओरडले.

"भाऊचं मौनव्रत आहे, काका. ऐकतोय की नाही देव जाणे."

दार जवळ आलं. मी सवयीने वेगाचा दांडा पार मागे ओढला. जुन्या जॉयस्टिकवरची वेगाची कळ पार मागे म्हणजे थांबणं. यान थांबलं, आणि मग उलटं जायला लागलं. वेग वाढतच होता. नव्या दांड्यावर थांबायची जागा मधोमध होती आणि तिच्यामागे रिव्हर्स. हे मी तपासलंच नव्हतं.

मागच्या कॅमेऱ्यात काकांचं यान मोठं होत होतं. टाइप करायला हात नव्हता. दोन्ही जिथे होते तिथेच आवळले गेले होते. उजव्या अंगठ्याखाली माइकचं बटण होतं.

"काका, बाजूला व्हा! मी मागे येतेय!"

काकांनी यान खाली झुकवलं. माझं त्याच्या पाठीला घासत वरून गेलं. अलार्म वाजला.

"हे कोण बोललं?" आयटीवाल्याने विचारलं. मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं, घाबरू नकोस. कशालाच हात लावू नकोस. मी सांगतो तसं, स्टेप बाय स्टेप..."

हा सूर माझ्या ओळखीचा होता.

"नको," मी म्हणाले. "मीच आत आणते."

यान अजून मागेच चाललं होतं.

"आण मग," काका म्हणाले. "दांडा मध्ये घे, खटका लागेल. तिथे शून्य. अन् माझा सगळा रंग खरवडलास बे!"

मुलगी आहे कळूनही त्यांनी 'बे' सोडलं नव्हतं.

खटका लागला. यान थांबलं. मी दांडा बोटभर पुढे सरकवला. दार आलं, दोन्ही बाजूंच्या भिंती अगदी जवळून सरकल्या. खाली धप्प आवाज झाला.

"उतरलं," मी म्हणाले.

"मग बसलीस काय? रिकामं कर," काका म्हणाले. "तिकडे खाणीवर दुसरी खेप पडलीये."